पिन उजवीकडे

रेव्हरंड यशोधर मकासरे यांचं पहिलंच काम मी बिघडवलं.
चाळीस पानं, दोन प्रती,
सवयीनं डाव्या कोपऱ्यात पिन मारून मोकळा झालो.
त्यांनी काउंटरवरच नखानं पिना उचकटल्या,
कागद सारखे केले, उजवी बाजू माझ्यापुढे धरली.
"केणी, हे हिब्रू. हे उजवीकडून येतं.
आपल्याला ते उलटं वाटतं, त्याला आपण."

तेव्हा वास्कोत खनिजाची तांबडी धूळ,
झेरॉक्सच्या काचेवर रोज दोनदा फडकं.
बंदराच्या चढावर त्यांचं चर्च,
रेल्वेच्या गोऱ्या साहेबांनी बांधलं आणि जाताना न्यायचं विसरले.
बारा बाकं. माणसं नऊ.
जहाज लागलं तर दहावा एखादा खलाशी, तोही पेंगत.
अँग्लिकन म्हणजे नेमके कोण, मी विचारलं.
"ज्यांना दोन्हीकडचे शेजारी पलीकडचे समजतात, ते."

मासळीवाली तेरेझिन तर थेटच:
"पाद्र्याक बायल?"
सगुणाबाई बांगड्याचे कल्ले उलगडून बघत म्हणाल्या,
"आहे बाई. आणि तिला शिळं कळतं."

नगरच्या मिशनशाळेत शिपायाचा हा मुलगा,
शिष्यवृत्तीवर विलायतेला गेला,
धुक्याच्या गावात पाच वर्षं मेलेल्या भाषा शिकला.
तिथं नोकरी देत होते. घर, बाग, पेन्शन.
परत का आलात?
"तिथं मराठीत चुकणारं कुणी नव्हतं रे."

मग भाषांतराची समिती.
अकरा वर्षं, एका शब्दापाशी येऊन अडलेली.
नेफेश.
सगळे म्हणाले, आत्मा.
हे म्हणाले, आधी तो घसा आहे.
तहान लागते ती जागा, दोर आवळतो ती जागा,
मग श्वास, मग जीव.
"मराठीला हे कुणी शिकवायला नको.
जीव कंठाशी येतो.
आत्मा आलेला ऐकलायस कधी?"

मत पडलं. सात विरुद्ध एक.
ग्रंथ छापून आला, आत्म्यासकट,
आणि बिशपांनी यांना हवापालटासाठी इकडे धाडलं.
हवापालट! खनिजाच्या धुळीत!

पण मी एक पाहिलं.
दर रविवारी ते त्याच प्रतीतून वाचायचे,
आत्मा असेल तिथं आत्मा, स्पष्ट, पडेल आवाजात नाही.
"मत माझं, केणी. ग्रंथ नऊ जणांचा."

सगुणाबाई गेल्या त्या वर्षी धक्क्यावर संप होता,
क्रेनी उभ्या, गाव कधी नव्हे इतकं गप्प.
दुसरा पाद्री बेळगावहून यायचा तो लोंढ्याला अडकला,
म्हणून यांनीच झगा चढवला.
मी मागच्या बाकावर, चपला काढाव्यात की नाही या विचारात.
तेरेझिन दारात, पाटी बाहेर ठेवून.
स्तोत्र वाचत ते त्या ओळीवर आले
आणि तिथं त्यांनी कुठलाच शब्द वाचला नाही.
घोट गिळला.
बारा बाकांना ऐकू गेला.
मग पुढची ओळ.

त्यानंतर चार पावसाळे ते माझ्याकडे येत राहिले,
टिपणांचे गठ्ठे घेऊन, दर वेळी थोडे पातळ.
शेवटचं आणलं ते एकच पान.
त्यांच्याच अक्षरात, मराठी, क्रमांक घातलेलं:
आधी काय वाचायचं, कोणी, कुठं उभं राहून.
तारखेची जागा कोरी होती, ते समजलं.
खाली स्तोत्राच्या ओळीतही एक जागा कोरी.
"रेव्हरंड, इथं शब्द राहिलाय."
"राहू दे. वाचेल त्याचं तो बघेल."

नऊ प्रती काढल्या.
मग म्हणाले, दहा कर.
एकेका पानाला पिन लागत नाही,
तरी ते हात पुढे करून उभे होते
आणि मी स्टेपलर उचलून
उजवा कोपरा शोधत होतो.